हमखास बर्फ

प्रिय दोस्ता,

तुझ्या जाहिरातीचा मसुदा मिळाला. उत्तराखंडातल्या औलीची स्कीची सहल, पाच रात्री सहा दिवस, डिसेंबरअखेर, आणि वर मोठ्या अक्षरांत 'हमखास बर्फ'. बाकीचं नंतर बोलू. आधी ते दोन शब्द काढ.

रागावू नकोस. मीही ते वापरलेत. छापले नव्हते, फोनवर बोलले होते. सांगलीचं एक कुटुंब होतं, आजी-आजोबांसकट सात जण. "ताई, बर्फ मिळेल ना?" असं त्या आईने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी "मिळेल हो" म्हटलं. आधीच्या तीन वर्षांत मिळाला होता, एवढाच माझा आधार. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठहून निघताना सगळ्यांनी भाड्याचे लांब कोट आणि गमबूट घेतले. वर पोचलो तर अख्खा उतार तपकिरी गवताचा. ऊन लख्ख, समोर नंदादेवी स्वच्छ दिसत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, परातीएवढा बर्फ शोधून काढला. राखाडी, कडक, त्यात गवताच्या काड्या अडकलेल्या. गमबुटाच्या टाचेने तो त्याचे टवके काढायचा आणि एकेक टवका आजीला नेऊन द्यायचा. आजी तो तळहातावर घेऊन "छान आहे रे" म्हणायची. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आपण पावसाची माणसं. केरळात मान्सून आला की आपण दिवस मोजायला लागतो. हिमालयातल्या हिवाळी बर्फाचं तसं वेळापत्रक नसतं. तो येतो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही वादळं वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि हिमालयाला धडकून बाष्प टाकतात. कधी एकामागून एक येतात, कधी महिनाभर फिरकत नाहीत. हे पूर्वीपासून असंच आहे. त्यामुळे एखादा जानेवारी कोरडा गेला की लगेच हवामानबदलाच्या नावाने ओरडायचं नाही. तुला हे नीट कळलेलं हवं, कारण पाहुणे विचारतात आणि आपण काहीबाही सांगतो.

बदल कुठे झालाय ते बघ. डोंगरात हजार मीटर वर गेलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा एका अंशाने तापली, की जिथे पावसाचा बर्फ होतो ती रेषा दीडशे मीटर वर सरकते. औलीचे स्कीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात आहेत. तिथे दीडशे मीटर ही थोडकी गोष्ट नाही. ढग तोच, पण वरच्या टोकाला बर्फ आणि खालच्या टोकाला पाऊस. तो पाऊस आधी साठलेला बर्फही घेऊन जातो. शिवाय पडलेला बर्फ टिकत नाही. काठमांडूची 'इसिमोड' ही संस्था दर हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ जमिनीवर किती काळ टिकला याचा हिशोब मांडते. २०२५ सालच्या हिवाळ्यात तो सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी भरला, २३ वर्षांतला नीचांक, आणि सरासरीखाली जाण्याचं ते सलग तिसरं वर्ष होतं. एक वाईट हिवाळा मी नशिबावर सोडला असता. सलग तीन नाही सोडवत.

गुलमर्गचंही बघ. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे चिल्लई कलान, थंडीचा कडक भाग. जो बर्फ उन्हाळ्यापर्यंत पुरायचा तो याच दिवसांत पडायचा. जानेवारी २०२४ मध्ये त्याच दिवसांत गुलमर्गचं मैदान उघडं पडलं होतं. पुढच्या वर्षी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत ठरला होता, तो पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावा लागला. सरकारी यंत्रणा आणि स्पर्धेची सगळी तयारी हाताशी असताना ज्यांना तारीख पाळता आली नाही, तिथे तू नाशिकच्या एका खोलीत बसून २६ डिसेंबरचा बर्फ विकतोयस.

तू लिहिलंयस की औलीला बर्फ तयार करणारी यंत्रं आहेत. आहेत, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आणली होती, पाण्यासाठी वर कृत्रिम तळंही केलंय. पण त्या यंत्रालाही थंडी लागते. हवेतला ओलावा धरून तापमान उणे दोनच्या आसपास उतरल्याशिवाय फवाऱ्याचा बर्फ होत नाही, नुसता चिखल होतो. म्हणजे गरज असते तेव्हाच यंत्र अडतं. त्यानंतरही औलीच्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्यात. तो मुद्दा सोड.

आता तुझी दुसरी युक्ती. बर्फ उशिरा पडतो तर बॅच फेब्रुवारीअखेर ठेवू, असं तू म्हणतोस. व्यवसायाच्या दृष्टीने बरोबर आहे, मीही तेच करते. पण तारीख सरकवताना धोकाही सरकतो, आणि हे मला तुला सगळ्यात मन लावून सांगायचंय.

गुलमर्गला आम्हाला स्की शिकवणाऱ्या उस्तादांनी एकदा उताराच्या कडेला फावड्याने कमरेएवढा खड्डा खणून दाखवला होता. भिंत सरळ तासली आणि म्हणाले, हात लावून बघा. वरचा हातभर थर घट्ट, बोटं रुतेनात, बर्फीच्या वडीसारखा. त्याच्या खाली बोट लावलं तर कण भसाभस गळायला लागले, जाड्या साखरेसारखे, चमकणारे. मूठभर घेऊन आवळले. लाडू वळेना. बोटांच्या फटीतून सगळे निसटले. सुरुवातीला बर्फ थोडाच पडतो आणि मग कोरडी, निरभ्र, कडक थंडी लांबते, तेव्हा असं होतं. खाली जमीन त्यातल्या त्यात उबदार, वर आभाळ गार, मधल्या पातळ थरातून वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण मोठे, कोरडे, एकमेकांना न धरणारे होतात. त्यावर एका दमात दोन-तीन फूट बर्फ पडला, की पाया नसलेल्या भिंतीवर स्लॅब टाकल्यासारखं होतं. वरून माणूस गेला की आतून 'धप्प' असा दबका आवाज येतो. तो आवाज ऐकलास तर फोटोबिटो काही नाही, आल्या पावली, एकेकाने, अंतर ठेवून मागे फिर.

कोरडा डिसेंबर, कोरडा जानेवारी आणि मग एकदम सगळा बर्फ, हा क्रम आता वरचेवर दिसतो. २०२४ चंच बघ. जानेवारीत गवत होतं, आणि २२ फेब्रुवारीला त्याच गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा जीव गेला. पाहुण्यांना वाटतं, बर्फ आला म्हणजे आपली सहल वाचली. तुझ्या पोटात मात्र त्याच दिवशी गोळा यायला हवा. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले दोन दिवस तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उघड्या उतारांखाली कुणालाही नेऊ नकोस, पाहुण्यांनी कितीही गळ घातली तरी. मोबाईलमध्ये उतार मोजता येतो, मोज. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था, जिला आमच्या वेळी सासे म्हणायचे, हिमस्खलनाचे इशारे काढते. हवामान खात्याच्या अंदाजाबरोबर तेही रोज वाचायचे. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलास म्हणून तुला हे येतं असं मी धरून चाललेय. नसेल आठवत तर वह्या काढ.

आणि पैशांचं. तुझ्या हिशोबात हॉटेल आहे, गाडी आहे, स्कीचं भाडं आहे. बॅच रद्द झाली तर पाहुण्यांना किती परत द्यायचे तेही आहे. स्कीचा उस्ताद, स्लेज ओढणारा, सामान वाहणारा पोरगा, होमस्टेच्या चुलीपाशी पहाटे चारला उठणारी बाई, यांच्यासाठी काही नाही. बर्फ नसला की आपली सहल पडते, त्यांचं अख्खं वर्ष पडतं. जोशीमठच्या लोकांनी तर जानेवारी २०२३ पासून काय काय सोसलंय. जमीन खचली, घरांना तडे गेले, औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. आणि बर्फ त्यांच्यासाठी पर्यटकांपुरता नसतो. तो हळूहळू वितळून झऱ्यांना, सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. त्यामुळे दर बॅचमागे थोडी रक्कम बाजूला ठेव, आणि रद्द झाल्यास ठरलेल्या मजुरीचा निम्मा भाग तरी त्याच आठवड्यात पोचता कर. मी हे फार उशिरा सुरू केलं. आधीची दहा-बारा वर्षं मी फक्त "अगली बार" म्हणून फोन ठेवत आले, आणि त्याची मला अजून खंत आहे.

जाहिरातीत मग लिहायचं काय, हा तुझा प्रश्न राहतोच. जे नक्की आहे ते लिही. नंदादेवीचं दर्शन, देवदार आणि बांजाच्या (ओकच्या) रानातली चाल, रात्रीचं आभाळ, गढवाली घरातलं मंडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचं जेवण. बर्फ असेल तर स्कीचे धडे, नसेल तर गोरसोंच्या बुग्यालापर्यंत, म्हणजे वरच्या गवताळ कुरणापर्यंत, दिवसभराची चाल, दोन्ही कार्यक्रम शेजारी शेजारी छाप. नकाराची तारीख ठेव. निघण्याच्या आठ दिवस आधी तू वरची खरी स्थिती कळवणार आणि त्या दिवशी कुणाला माघार घ्यायची असेल तर रेल्वेचं तिकीट सोडून बाकी पैसे परत. चार बुकिंग कमी येतील. येऊ देत.

काल रात्री मी औलीला फोन लावला होता. आपला नेहमीचा होमस्टेवाला म्हणाला, "दीदी, अभी तो घास ही है. बादल आए हैं, पर भरोसा नहीं." तुझ्याकडे ज्या नऊ जणांनी अ‍ॅडव्हान्स भरलाय त्यांना आज संध्याकाळच्या आत हे कळव, आणि त्याच्याच शब्दांत कळव.

तुझी,
ताई