जानदोमेनिको तिएपोलो फक्त वडिलांची कॉपी करत होता का?

नाही हो, अर्धंच खरं आहे ते. जानबात्तिस्ता तिएपोलो म्हणजे १८व्या शतकातल्या व्हेनिसचा सगळ्यात मोठा पेंटर, आणि पोरगा जानदोमेनिको (जन्म १७२७) लहानपणापासून त्याच्याच हाताखाली, जर्मनीतल्या व्युर्झबर्गच्या राजवाड्यात पण बापाबरोबर आणि नंतर १७६२ला माद्रिदला पण बापाबरोबरच, त्यामुळे कुठलं काम कोणाचं हे ओळखताना तज्ञांची पण दमछाक होते.

पण इटलीतल्या विचेन्झा शहराजवळचा विला वाल्माराना हा बंगला बघा, १७५७चं काम. मुख्य घरात बापाने नेहमीचे देव, वीरपुरुष, महाकाव्यातले प्रसंग काढलेत आणि बाजूच्या पाहुण्यांच्या घरात पोराने काय काढलं तर शेतकरी, जेवायला बसलेली साधी माणसं! तिथेच कळतं की ह्याची नजर वेगळी आहे, बाप आभाळात बघतो आणि हा जमिनीवर.

१७७०ला वडील माद्रिदमध्येच गेले, मग हा व्हेनिसला परत आला. नंतर व्हेनिसजवळच्या झियानिगो गावातल्या स्वतःच्या घरात भिंती रंगवल्या, तिथे कोणी गिऱ्हाईक नाही की कोणाची फर्माईश नाही. त्यातलं १७९१चं 'मोंदो नोवो' माझं सगळ्यात आवडतं, जत्रेतला खेळ बघायला गर्दी जमलीये आणि आपल्याला दिसतात फक्त लोकांच्या पाठी 😄 बापाने असं कधीच काढलं नसतं. शेवटी शेवटी तर इटालियन नाटकांतल्या पुल्चिनेल्ला नावाच्या विदूषकावर शंभरच्या वर ड्रॉइंग्ज केली.

झियानिगोच्या भिंतींवरची चित्रं आता व्हेनिसच्या का' रेझ्झोनिको म्युझियममध्ये आहेत, गेलात तर चुकवू नका.