सफारीतलं एटोशा गाळलं. भरपाई मागायची कोणाकडे?

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक, नाशिकला राहतो. पुण्याच्या एका टूर कंपनीकडून जून-जुलै २०२५ मध्ये केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स अशी वीस दिवसांची ग्रुप कॅम्पिंग सफारी केली. माणशी २,९०,००० रुपये भरले. नामिबियात आउटजो गावात ट्रकचा क्लच गेला आणि एटोशा नॅशनल पार्कमधले दोन्ही मुक्काम रद्द झाले. पुढे बोत्स्वानात माऊनला ओकावांगो डेल्टातल्या मोकोरो (अरुंद स्थानिक होडी) सहलीसाठी माणशी १८० डॉलर रोख मागितले. माहितीपत्रकात ही सहल 'समाविष्ट' होती. शिवाय तंबू आम्हीच ठोकायचे, भांडीही घासायची, कडाक्याची थंडी, जेवणात रोज तेच ते, आणि वीस दिवसांत सिंह एकही दिसला नाही. कंपनी म्हणते, आम्ही फक्त एजंट, बिघाड ही दैवी आपत्ती, तुम्ही केपटाउनला फॉर्मवर सही केली आहे, आणि दावा करायचाच असेल तर केपटाउनच्या कोर्टात करा. वर पुढच्या टूरसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले कागद सगळे वाचले. तुमची बाजू चांगली आहे, पण तक्रारींपैकी निम्म्या आधी बाजूला काढा, नाहीतर चांगल्या तक्रारी त्यांच्याखाली दबतील.

तंबू आणि भांड्यांपासून सुरुवात करते. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर 'सहभागी सफारी' असा मथळा आहे. त्याखाली तंबू प्रवाशांनीच उभारायचे, स्वयंपाकात आणि धुण्यापुसण्यात हातभार लावायचा, स्लीपिंग बॅग स्वतःची आणायची, हे सगळं छापलेलं आहे. अशा सफारीची किंमत कमी राहते ती याच कारणानं. एक ड्रायव्हर, एक गाइड, आणि बाकीचं काम वीस-बावीस प्रवाशांत वाटून. थंडीचंही तसंच. जून-जुलै हा तिकडचा हिवाळा, कलाहारीत रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. कंपनीच्या यादीत 'उबदार स्लीपिंग बॅग' असं लिहिलेलं आहे. जेवण शाकाहारी मिळेल असं व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल केलं होतं आणि ते शाकाहारीच मिळालं. मक्याची लापशी (तिकडे तिला 'पाप' म्हणतात), बीन्स, भोपळा, ब्रेड. कंटाळवाणं होतं हे मान्य, पण वचनभंग नव्हे. आणि सिंहाची हमी कोणी दिली नव्हती, कोणी देऊही शकत नाही. ग्राहक आयोगासमोर कंपनीचा वकील पहिल्यांदा हीच वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवेल आणि म्हणेल, 'यांना हॉटेल हवं होतं, बुक केला तंबू.' त्याला ही संधी देऊ नका.

आता एटोशा. इथे तुमच्या यजमानांची डायरी फार मोलाची आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते जी तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. ट्रक बंद पडला एटोशाच्या दोन दिवसांपैकी पहिल्या दिवशी दुपारी. पार्कची फाटकं सूर्यास्ताला बंद होतात, त्यानंतर आत गाडी सोडत नाहीत. तेव्हा पहिली रात्र हुकली यासाठी कंपनीला काही ना काही सबब आहे. पण डायरीत दुसऱ्या दिवसाची नोंद अशी आहे : 'सव्वाबाराला ट्रक सुरू. गाइड म्हणाला, आता वेळापत्रक गाठायचं, थेट विंडहुक.' (म्हणजे नामिबियाची राजधानी.) आउटजोपासून एटोशाचं अँडरसन फाटक साधारण शंभर किलोमीटरवर आहे, रस्ता डांबरी. म्हणजे सव्वाबाराला निघालेला ट्रक सूर्यास्ताच्या कितीतरी आधी आत पोहोचला असता, आणि दुसरी रात्र पार्कमधल्या ओकाउकुएजो छावणीच्या दिवे लावलेल्या पाणवठ्यापाशी गेली असती. पहिली रात्र बिघाडानं गेली. दुसरी रात्र कोणीतरी निर्णय घेऊन घालवली. तुमचा सगळा खटला या फरकावर उभा करा.

'दैवी आपत्ती' हा शब्द टूर कंपन्यांना फार प्रिय आहे. पूर, भूकंप, सीमा अचानक बंद होणं, हे त्यात बसेल. जुन्या ट्रकचा क्लच जाणं बसत नाही. वाहन ठीक ठेवणं आणि ते बिघडलं तर पर्याय उभा करणं, हे वाहन चालवणाऱ्याचंच काम. आउटजो हे एटोशाच्या वाटेवरचंच गाव, तिथून भाड्याची गाडी घेऊन प्रवाशांना पार्कमध्ये पोहोचवता आलं असतं का, हा प्रश्न आयोगाला नक्की पडेल. तुम्ही तो पडायला लावा. आणखी एक. एटोशातल्या ओकाउकुएजो, हलाली, नामुतोनी या छावण्या नामिबियाची सरकारी कंपनी चालवते. तिथलं बुकिंग झालं असेल तर त्याची पावती असणार, रद्द झालं असेल तर परताव्याचा हिशेब असणार. ती कागदपत्रं हजर करायला लावा, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. कागद आला तर पैसे कोणाच्या खिशात राहिले ते कळेल. नाही आला तरी तुमचंच म्हणणं बळकट होईल.

माऊनचे १८० डॉलर हा सगळ्यात सोपा मुद्दा. माहितीपत्रकात चौदाव्या दिवसासमोर 'मोकोरो सहल व डेल्टात एक मुक्काम (समाविष्ट)' असं आहे, आणि गाइडनं वहीच्या पानावर '२ × १८० यूएसडी, ओकावांगो' असं लिहून सही करून दिलेली चिठ्ठी तुमच्याकडे आहे. ओव्हरलँड, म्हणजे ट्रकनं देशोदेशी जाणाऱ्या, सफारीत वाटेत रोख भरायची 'स्थानिक रक्कम' असते, ते चुकीचं नाही. पण ती बुकिंगच्या वेळीच सांगावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही येतं. त्या चिठ्ठीचा आजच स्वच्छ फोटो काढून ठेवा, पेन्सिलीनं लिहिलेली आहे.

'आम्ही फक्त एजंट' या बचावाला उत्तर कुठल्या कायद्याच्या पुस्तकाआधी तुमच्या आयकराच्या कागदात सापडेल. कंपनीनं तुमच्याकडून पॅकेजवर पाच टक्के, म्हणजे ५,८०,००० वर २९,००० रुपये टीसीएस (विक्रेत्यानं विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) घेतला आहे. तुम्ही पैसे भरले तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम २०६सी(१जी) नुसार परदेशी टूर पॅकेजवर हा कर 'विक्रेत्या'नं गोळा करायचा होता. तुमच्या दोघांच्या फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमच्या कराची नोंद) गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून याच पुण्याच्या कंपनीचं नाव दिसेल. जीएसटीचं बिलही तिच्याच नावाचं आहे, आणि ट्रक चालवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीचं नाव त्या बिलावर किंवा बुकिंगच्या व्हाउचरवर कुठेही नाही. सरकारपुढे विक्रेता आणि ग्राहकापुढे एजंट, असं दोन्हीकडून चालत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २३० मध्येही ज्या एजंटानं आपला मालक कोण ते उघड केलेलं नाही, तो स्वतः बांधला जातो असं गृहीत धरलेलं आहे. (जाता जाता : हे २९,००० तुमच्याच कराच्या खात्यातले आहेत. विवरणपत्रात दाखवले नसतील तर तुमच्या सीएंना विचारा. निवृत्त माणसं हे हमखास विसरतात.)

केपटाउनला पहिल्या सकाळी, बॅगा ट्रकवर चढल्यानंतर, जो फॉर्म भरून घेतला त्याची भीती बाळगू नका. त्यावर दुसरा पक्ष म्हणून आफ्रिकेतली कंपनी आहे, पुण्याची नाही. आणि त्यातला मजकूर शारीरिक इजा व सामानाच्या नुकसानीबद्दलचा आहे, गाळलेल्या मुक्कामांबद्दल त्यात अक्षर नाही. पुण्याच्या कंपनीच्या अटींमध्ये 'कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखीव' असं कलम मात्र आहे. त्यावर तुमचं म्हणणं एवढंच ठेवा : बदल केला असता तर एका जागेऐवजी दुसरी मिळाली असती. इथे काहीच मिळालं नाही, विंडहुकच्या कॅम्पसाइटवर दीड दिवस नुसतं बसवून ठेवलं.

इथे एक सापळा आहे. हे कलमच एकतर्फी आहे, ते 'अनुचित करार' म्हणून रद्द करा, अशी मागणी करण्याचा मोह होईल, एखादा उत्साही वकील तसं सुचवेलही. ती मागणी करू नका. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्हा आयोगाला दिलेला नाही, त्या राज्य आयोगाकडे जातात. तुमचं प्रकरण जिल्हा आयोगातून उठून वर जाईल आणि वर्ष तिथेच खाईल. फक्त 'सेवेतील त्रुटी' म्हणा. एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नसतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पायोनिअर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या निकालात म्हटलेलं आहेच, युक्तिवादात त्याचा आधार घेता येईल.

नाशिकच का? कारण याच कायद्याच्या कलम ३४(२)(डी) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, तेव्हा तुम्हाला कदाचित पुण्याला खेटे घालावे लागले असते. केपटाउनच्या कोर्टाची अट छापली म्हणून भारतातल्या ग्राहकाचा हा हक्क जात नाही, कलम १०० प्रमाणे ग्राहक कायद्याचे उपाय इतर कायद्यांच्या जोडीला असतात. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे, आणि ती मोजतात तुम्ही भरलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. ५,८०,००० साठी फी २०० रुपये. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. ती घरी परतल्याच्या तारखेपासून न धरता ज्या दिवशी एटोशा हुकलं त्या दिवसापासून धरा, म्हणजे जून २०२७ च्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या. पण थांबायचं कशाला?

आधी नोटीस पाठवा. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण आयोगातले सदस्य 'नोटीस दिली होती का?' असं विचारतातच. पंधरा दिवसांची मुदत द्या, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं दोन्हीकडून पाठवा. भाषा शाळेच्या रिपोर्टसारखी कोरडी ठेवा. तारीख, ठिकाण, काय कबूल केलं होतं, काय मिळालं. नामिबियातल्या सोसुसव्लेईचा सूर्योदय आणि बोत्स्वानातल्या चोबेची बोटसफारी ठरल्याप्रमाणे झाली, हेही त्यात लिहा. जे मिळालं ते कबूल करणाऱ्या तक्रारदारावर विश्वास लवकर बसतो.

मागायचं किती? तुमच्या बिलात विमान आणि व्हिसा वेगळे काढून जमिनीवरचा खर्च माणशी १,९०,००० दाखवला आहे, म्हणजे दिवसाला ९,५००. एटोशाचे दोन दिवस आणि विंडहुकला वाया गेलेला एक, असे तीन धरले तर दोघांचे ५७,०००. माऊनचे ३६० डॉलर, त्या वेळच्या दरानं साधारण ३१,०००. यावर व्याज, मानसिक त्रासासाठी ५०,००० आणि तक्रारीचा खर्च. दहा लाख मागणारे लोक मी पाहते. त्यांना मिळायचं तेवढंच मिळतं, फक्त आयोगाचा चेहरा आधीच आंबट झालेला असतो. पूर्ण पैसे परत मागू नका, सतरा दिवसांचा प्रवास तुम्ही केला आहे.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं सुनावणीची विनंतीही करता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवा. मात्र आयोगानं मध्यस्थीचा पर्याय पुढे केला तर नाही म्हणू नका. टूर कंपन्यांना आपल्या नावाचा निकाल नको असतो, त्या टेबलावर आकडा लवकर वाढतो.

पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचं संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा, नुसते निवडक स्क्रीनशॉट नकोत. आणि मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. जॅकवर चढवलेल्या ट्रकचे जे फोटो तुम्ही पाठवलेत, त्यात वेळ आणि ठिकाण दोन्ही नोंदलेलं आहे. ते फॉरवर्ड करताना निघून जातं, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. ट्रकमध्ये तुमच्याबरोबर ठाण्याचं एक जोडपं होतं असं म्हणता. त्यांनीही याच कंपनीकडून बुकिंग केलं असेल तर शपथपत्र मागा, ते तयार असतील तर एकत्र तक्रारही करता येईल. जर्मन आणि ऑस्ट्रेलियन सहप्रवाशांच्या मागे लागू नका, त्यांचा करार पुण्याच्या कंपनीशी नव्हता.

यजमान पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची म्हणतात, त्यांना आवरा. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे इथे दिसत नाही, पोलीस 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतील आणि तोच कागद कंपनी आयोगात दाखवेल.

आणि ते व्हाउचर. सोबतच्या ईमेलमध्ये, सर्वांत खाली, बारीक अक्षरात 'पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून' असं आहे. व्हाउचर वापरलंत किंवा 'धन्यवाद, मिळालं' एवढं जरी उत्तर दिलंत, तरी कंपनी त्याला तडजोड म्हणेल. आजच ईमेलला उत्तर द्या : 'आपला प्रस्ताव आम्हाला मान्य नाही. आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत.' एवढ्या दोन ओळी पुरेत, नोटीस आठवड्याभरात पाठवा.