लोकर कातताय? मग हे वाचा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण टकळीवर लोकर कातायला सुरुवात कशी करायची ते बघितलं होतं. दांडीला सुरुवातीचा धागा बांधायचा, लोकरीचे तंतू थोडे थोडे ओढून पातळ करायचे, टकळी गरकन फिरवून त्यात पीळ भरायचा आणि झालेलं सूत दांडीवर गुंडाळायचं, बस. लिहायला चार ओळी लागल्या पण हातात घेतल्यावर काय होतं ते तुमच्या प्रश्नांवरून कळतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि निम्म्या लोकांची अडचण एकच आहे म्हणून ती आधी घेते.

प्रश्न : ताई, माझा धागा एका जागी दोरीएवढा जाड आणि पुढच्याच बोटभर अंतरावर इतका बारीक की तुटतोच, टकळी धाडकन जमिनीवर. व्हिडिओत बघते तर सगळ्यांचं कसं एकसारखं निघत असतं. माझा हातच जड आहे का?

हात जड वगैरे काही नसतं हो. पीळ कुठे पळतो ते एकदा कळलं की अर्धं काम झालं. पीळ नेहमी बारीक जागी जातो, कारण जाड जागा पिळायला जोर लागतो आणि बारीक जागा लगेच वळते, त्यामुळे तुमचा जाड भाग तसाच पोकळ फुसफुशीत राहतो आणि सगळा पीळ शेजारच्या बारीक भागात जाऊन तो तारेसारखा कडक होतो. एकदा असं झालं की टकळी कितीही फिरवा, जाड भागात पीळ शिरत नाही, बारीकच अजून बारीक आणि कडक होत जातो.

आता पुढच्या वेळी तुटलं की चिडून टाकून देऊ नका, तुटलेलं टोक बघा. टोक मऊ, पिंजल्यासारखं असेल तर पीळ कमी पडला, तंतू एकमेकांवरून सरकून सुटले. टोक कडक, वेटोळं झालेलं असेल तर पीळ जास्त झाला. दोन्ही वेळा तुटलंच, पण उपाय एकदम उलटे, आणि बरेच जण दोन्हीला एकच उपाय करतात, म्हणजे टकळी अजून जोरात फिरवतात!

दुसरी गोष्ट म्हणजे दोन हातांमधलं अंतर. लोकरीतून एक बट हळूच ओढून काढा आणि तंतूची लांबी बघा, समजा 8 सेंटीमीटर आहे, तर ओढताना तुमचे हात त्याहून जास्त लांब हवेत, 11-12 सेंटीमीटर तरी. हात जवळ असले की एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच दोन हातांत अडकतात आणि मग कितीही ओढा, हलत नाही, जोर लावला की भसकन सगळा पुंजका येतो. तुमची ती दोरीएवढी जाड जागा बहुतेक अशीच तयार होतेय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या म्हणजे टकळीकडच्या हाताची चिमूट. ती चिमूट म्हणजे फाटक आहे असं समजा. पीळ फाटकाच्या अलीकडे, मोकळी लोकर पलीकडे. आधी लोकर ओढून पातळ करायची, मग चिमूट मागे सरकवायची म्हणजे पीळ तेवढ्याच भागात शिरतो. चिमूट सुटली की पीळ सरळ लोकरीच्या पुंजक्यात घुसतो आणि तिथे गाठोडं होतं. घुसलाच तर ओढाताण करू नका, टकळी थांबवा, थोडी उलटी फिरवा, पीळ मोकळा करा आणि परत ओढा.

हे सगळं टकळी हवेत लटकत असताना जमत नाही, सुरुवातीला कुणालाच नाही. म्हणून टकळी फिरवून पीळ साठवा, मग ती दोन गुडघ्यांत दाबून धरा आणि दोन्ही हातांनी निवांत लोकर ओढा, साठलेला पीळ त्यात सोडा, संपला की परत फिरवा. हळू होतं, दिसायलाही काही खास नाही, पण हाताला समजतं. काही लोक याला नवशिक्यांची पद्धत म्हणून नाक मुरडतात, मुरडू देत.

कातून झालेल्या भागात गाठोडं राहिलंच तर त्याच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरा, पीळ उलगडेल असं बोटांत फिरवा, हलकेच ओढा, जाड भाग लांब होईल आणि मग सोडून द्या, पीळ आपोआप सारखा पसरतो.

प्रश्न : घरात जुना पेटी चरखा आहे, चालू स्थितीत. त्यावर लोकर कातली तर टकळीचा खर्च वाचेल ना?

कातता येते, पण शिकायला तो घेऊ नका. पेटी चरखा कापसासाठी बनलेला आहे. कापसाचा तंतू आखूड, साधारण अडीच-तीन सेंटीमीटर, तो एकत्र राहायला पीळ भरपूर लागतो म्हणून चाक एकदा फिरवलं की चाती, म्हणजे सूत ज्यावर गुंडाळलं जातं ती सळई, कितीतरी वेळा फिरते. लोकरीचा तंतू लांब, खवल्यांचा, एकमेकांना धरून राहणारा, त्याला एवढा पीळ नकोच असतो. चरखा जरा जोरात फिरला की लोकरीची तार होते. हात बसल्यावर मात्र करून बघा, लोकर पिंजून तिचे कापसासारखे सैल पेळू म्हणजे लांबट गुंडाळ्या वळा, चाक अगदी सावकाश फिरवा आणि डावा हात लांब मागे नेत कातून बघा. मजा येते.

प्रश्न : टकळी किती वजनाची असावी? आणि घरी बनवता येते का?

सुरुवातीला 35 ते 50 ग्रॅमच्या आसपास. फार हलकी असली की दोन-चार गिरक्या घेऊन लगेच उलटी फिरायला लागते आणि तुमचा भरलेला पीळ सुटतो, फार जड असली तर बारीक धागा वजनानेच तुटतो. कापसाची छोटी धातूची टकळी लोकरीला घेऊ नका, तिचं टोक वाटीत टेकवून कातायचं असतं, हवेत सोडायची नसते.

घरी बनवायची तर जुन्या सीडी बाहेर काढा, नाहीतरी दुसरा उपयोग काय त्यांचा आता! एक सीडी साधारण 15-16 ग्रॅम भरते, मधलं भोक 15 मिलिमीटरचं. दोन सीडी एकावर एक ठेवा, भोकात रबराची रिंग घट्ट बसवून त्यातून पेन्सिलपेक्षा जरा जाड, सरळ, गुळगुळीत लाकडी दांडी घाला आणि वरच्या टोकाला कप टांगायचा छोटा हूक फिरवून बसवा. वजन कडेला पसरलेलं असल्यामुळे ती बराच वेळ फिरते, विकतच्या कितीतरी टकळ्यांपेक्षा जास्त. फक्त हूक बरोबर मधोमध हवा, जरा जरी बाजूला गेला तर टकळी डगमगते.

प्रश्न : ओळखीतून मेंढीची कातरलेली लोकर मिळालीय, तेलकट आहे आणि वास प्रचंड. वॉशिंग मशीनमध्ये लोकरीच्या प्रोग्रॅमवर टाकली तर?

नको, नको, नको. लोकर तीन गोष्टींनी आळते म्हणजे आक्रसून घट्ट होते, पाणी, उष्णता आणि घुसळण. तंतूवर खवले असतात, ओले गरम तंतू हलले की खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. मशीनमधून बाहेर येईल तो नमदा म्हणजे घट्ट झालेला जाड थर, त्यातून सूत काही निघायचं नाही.

आधी कोरडीच निवडा. शेणाने माखलेल्या बटा, काटेकुटे, अगदी आखूड तुकडे काढून टाका. हे काम मोकळ्या हवेत, मास्क आणि हातमोजे घालून करा, कारण कच्च्या लोकरीत माती आणि जंतू असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांमध्ये लोकर निवडणाऱ्या कामगारांना तिच्यातून अँथ्रॅक्स हा जनावरांपासून होणारा जीवघेणा आजार व्हायचा, त्या आजाराचं इंग्रजी नावच लोकर निवडणाऱ्यांवरून पडलंय. घाबरवायला नाही सांगत, मास्क लावा एवढंच.

मग जाळीच्या पिशवीत सैल भरा. तो तेलकटपणा म्हणजे लॅनोलिन, खरं तर मेणच, ते चाळिशीच्या आसपास वितळतं म्हणून कोमट पाण्याने काही होत नाही, 55 ते 60 अंश सेल्सिअस पाणी हवं. पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घाला, फेस न करता, आणि पिशवी वरून हळूच दाबून बुडवा. पंधरा-वीस मिनिटं तिला हातही लावायचा नाही. पाणी गार व्हायच्या आत बाहेर काढा, नाहीतर वितळलेलं मेण परत लोकरीवरच बसतं आणि ते चिकट प्रकरण पहिल्यापेक्षा वाईट. हे दोनदा-तीनदा करा, मग तेवढ्याच गरम साध्या पाण्यातून काढा. वरून नळाची धार सोडू नका. धुण्याचा सोडा आणि ब्लीच तर अजिबात नाही, लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखं प्रथिन, अल्कलीने ते खराब होतं. पाणी सिंकमध्ये ओतू नका, मेण गार होऊन पाइप तुंबतो. आणि धुतल्यावर वजन बरंच कमी भरतं, बारीक लोकरीचं तर निम्म्यावर येऊ शकतं, कुणी चोरली नाही तुमची!

प्रश्न : विकत घ्यायला गेलं तर कुठे टॉप लिहिलेलं असतं, कुठे रोव्हिंग. आणि मेरिनो सगळ्यात भारी म्हणतात तर तीच घेऊ का?

टॉप म्हणजे विंचरलेली लोकर, आखूड तंतू काढून टाकलेले आणि उरलेले सगळे एका दिशेला. तिचं सूत गुळगुळीत, मजबूत होतं. रोव्हिंग म्हणून जे विकतात ते बहुतेकदा कार्डिंग केलेलं म्हणजे पिंजलेलं असतं, तंतू इकडेतिकडे, मध्ये हवा जास्त, सूत हलकं, फुगीर आणि उबदार. दुकानदार दोन्ही शब्द एकमेकांसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, हातात धरून बघा.

मेरिनो ही बारीक लोकरीची मेंढीची जात, भारी आहेच, पण पहिल्यांदा घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा तंतू साधारण 17 ते 24 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, फार बारीक आणि निसरडा, नवीन हातात टिकत नाही. 27-30 मायक्रॉनची, 10 सेंटीमीटरच्या आसपास लांबीची मध्यम लोकर घ्या, हाताला धरून राहते. फक्त ती गळ्याशी टोचू शकते, साधारण तिशीच्या पुढचे जाड तंतू कातडीला टोचतात, तेव्हा पहिल्या सुताचा मफलर न करता पिशवी किंवा टोपी करा.

प्रश्न : कातलेलं सूत टकळीवरून काढलं की स्वतःभोवतीच वेटोळी घालतं. तसंच विणलं तर तुकडा एका बाजूला तिरका झाला.

एकपदरी सूत आहे ना, म्हणून. त्यातला पीळ मोकळा व्हायची वाट बघतोय. दोन पदर एकत्र करा, पण उलट्या दिशेने. कातताना टकळी घड्याळाच्या दिशेने फिरवली असेल तर दोन पदर एकत्र पिळताना घड्याळाच्या उलट. पदरांचा पीळ आणि जोडाचा पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि सूत शांत होतं. शिवाय एकाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेशी येते म्हणून पहिल्या प्रश्नातल्या ताईंचं सूतसुद्धा दोनपदरी झाल्यावर बरंच बरं दिसेल. किती पिळायचं? हातभर सूत घ्या आणि त्याचा झोपाळा करून लटकवा, सरळ लटकलं तर बरोबर, गुंडाळलं तर पीळ कमी किंवा जास्त.

मग खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजत ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि दोन्ही हातांवर ताणून दोन-चार झटके देऊन वाळत घाला. वजन टांगू नका, टांगलं की दिसतं सरळ पण पुढच्या धुण्यात परत मूळपदावर येतं.

प्रश्न : तुटलेला लोकरीचा धागा थुंकी लावून जोडतात म्हणे, खरं का?

खरं. पाण्यानेही होतं. दोन्ही टोकं उलगडून पिंजा, एकमेकांवर ठेवा, ओलं करा आणि तळहातांत जोरात चोळा, वर आळण्याबद्दल जे सांगितलं तेच इथे कामाला येतं. सुपरवॉश म्हणजे मशीनमध्ये धुता येईल अशी केलेल्या लोकरीला चालत नाही, तिचे खवले झाकलेले किंवा काढून टाकलेले असतात.

प्रश्न : साठवलेल्या लोकरीत बारीक अळ्या दिसल्या. सगळं फेकून द्यावं लागेल?

नाही. कसरीच्या पतंगाच्या अळ्या आहेत, पतंग स्वतः काही खात नाही, अळ्याच खातात. खराब भाग काढून टाका, बाकीची लोकर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट होते. लव्हेंडर, कडुनिंबाचा पाला वगैरेंवर विसंबू नका, आतल्या अळीला त्याने काही होत नाही. पुढे धुऊन, पूर्ण वाळवून, बंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून हलवत राहा, त्यांना अंधार आणि शांतता आवडते.

प्रश्न : हसू नका, पण आमच्या कुत्र्याचे केस खूप गळतात. त्याचं सूत निघेल का?

हसत नाही, बरेच लोक कातात. फक्त ब्रशने निघणारी आतली मऊ लव घ्या, वरचे राठ केस टोचतात आणि सुतातून बाहेर येतात. लवेला लोकरीसारखी लवचीकता नसते, नुसतीचं सूत ढिलं पडतं, तेव्हा निम्मी मेंढीची लोकर मिसळून ब्रशने पिंजा. तंतू 4-5 सेंटीमीटरपेक्षा आखूड असतील तर लोकर अजून वाढवा. उबदार इतकं होतं की पूर्ण स्वेटर अंगात बसवत नाही, मोजे किंवा टोपी बास. आणि आधी नीट धुवा, नाहीतर पावसात भिजलात की सगळ्यांना कळेल कुणाचे केस आहेत ते.