लिहिणाऱ्यांच्या शंका : पूर आयर्लंडचा, लेखक पुण्याचा

प्रश्न : माझी गूढकथा आयर्लंडमधल्या छोट्या गावात घडते. जुलैच्या रात्री धरणातून पाणी सोडतात, भोंगा वाजतो, तासाभरात पूल बुडतो. पाणी ओसरल्यावर जुन्या हवेलीच्या तळघरात प्रेत सापडतं. पटेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : हा पूर मुठेचा आहे. खडकवासल्यातून विसर्ग, भिडे पूल पाण्याखाली, हे पुणेकर झोपेतही लिहील. आयर्लंडमध्ये पाऊस बारमाही. मोठे पूर बहुधा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत येतात, कारण तेव्हा जमीन आधीच पाणी पिऊन बसलेली असते. धरण हवंच असेल तर कॉर्कची ली नदी घ्या. नोव्हेंबर २००९ च्या पुरात इनिस्कारा धरणाच्या विसर्गावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. नाहीतर धरण काढून टाका आणि कथा डिसेंबरात न्या. उजाडायला साडेआठ वाजून जातात, साडेचारच्या आत सूर्य मावळतो. एवढा अंधार फुकटात मिळतोय, तो सोडू नका.

शॅनन नदी तुमच्या कामाची नाही. ३६० किलोमीटर लांब, पण मधल्या पट्ट्यात उतार जवळजवळ नाहीच. पाणी बोटाबोटाने चढतं आणि आठवडे हलत नाही. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळानंतर अॅथलोन भागात तेच झालं. झटपट पूर हवा तर डोंगरातून येणारी लहान नदी आणि अरुंद कमानींचा दगडी पूल घ्या. ओंडके कमानीत अडकले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला तेवढं चढत नाही. पुलाच्या अलीकडचा साक्षीदार म्हणेल छातीइतकं पाणी होतं, पलीकडचा म्हणेल घोट्याइतकं, आणि दोघंही खरंच बोलत असतील.

आमची पसंती मात्र गॉलवे परगण्यातलं गोर्ट. चुनखडीचा मुलूख, नदी पंचबोल नावाच्या खोल खड्ड्यात गडप होते, पुढे वेगळ्या नावाने वर येते, आणि शेवटी तिचं पाणी किनवाराजवळ समुद्रात निघतं. हिवाळ्यात इथल्या कुरणांत जमिनीखालून पाणी भरून तळी होतात, उन्हाळ्यात ती नाहीशी होतात. त्यांना टरलॉक म्हणतात. इथे पूर दारातून शिरायच्या आधी तळघराच्या फरशीतून वर येतो. भुताची गरज आहे का, तुम्हीच ठरवा. एक मोह मात्र टाळा : पंचबोलमध्ये टाकलेलं प्रेत किनवाऱ्याला निघालं, असं लिहू नका. पाण्यात सोडलेला रंग भुयारातून पार होतो. माणूस पहिल्याच दगडांच्या ढिगाऱ्यात अडकेल.

प्रश्न : तळघरातली पेटी पुराआधी तिथे होती की नंतर कुणी आणून ठेवली, हे तपास करणाऱ्याला कसं कळावं? – तेच वाचक

उत्तर : पेटी उचलायला लावा. आधीपासून असेल तर तिच्या तळाच्या आकाराची फरशी बऱ्यापैकी स्वच्छ निघेल, भोवती गाळाचा थर. नंतर ठेवली असेल तर गाळ पेटीखालीही सापडेल, दाबला गेलेला. शिवाय भिंतीवरच्या गाळरेषेच्या उंचीचीच रेषा पेटीच्या अंगावर हवी. पेटी लोखंडी आणि भरलेली ठेवा. लाकडी पेटी तरंगते, कपाटं उताणी पडतात, आणि सगळा पुरावा खोलीभर फिरून येतो. निम्म्या पूरकथा इथेच फसतात.

प्रश्न : तिथे पंचनामा कोण करतं? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पोलिसांना गार्डा म्हणतात, गणवेशातल्या शिपायाकडे सहसा पिस्तूल नसतं, तेव्हा गोळीबार विसरा. संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. तो डॉक्टर किंवा वकील असतो. कोण, कधी, कुठे, कसं मेलं एवढंच त्याची चौकशी ठरवते. दोष कुणाचा हे सांगायचा तिला अधिकार नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणात कॉरोनरच्या तोंडी खुन्याचं नाव घालू नका. आणि तारखा जुळवताना लक्षात असू द्या : उन्हाळ्यात आपल्याकडे दोन-तीन दिवसांत प्रेत वर येतं, तिकडच्या हिवाळी थंडगार पाण्यात त्याला आठवडे लागू शकतात. प्रेत नदीतच सापडू द्यायचं असेल, तर नाताळच्या आदल्या दिवशी बुडालेला माणूस जानेवारी सरतानाही सापडू शकतो.