क्लोंडाइकला जरूर जा, पण मोटरहोम सोडा आणि एफडी मोडू नका

प्रश्न: आम्ही कॅल्गरीत राहतो. साताऱ्याहून आई-बाबा सुपर व्हिसावर (आई-वडिलांना कॅनडात दीर्घकाळ राहू देणारा व्हिसा) येत आहेत. ऑगस्टअखेर मोटरहोम भाड्याने घेऊन 18 दिवसांत वायव्य कॅनडातल्या युकॉनमध्ये, क्लोंडाइक भागातल्या डॉसन सिटीपर्यंत जाऊन यायचा विचार आहे. भाडं रोज 260 डॉलर, पेट्रोल धरून 6,200 डॉलर होतील असं वाटतं. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये केलेली 5 लाख रुपयांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी मोडावी का? टीएफएसएमध्ये (कॅनडातलं करमुक्त बचत खातं) 9,000 डॉलर आहेत, आणीबाणीचा निधी वेगळा आहे. रजा फक्त 8 दिवस शिल्लक आहे.

उत्तर: सहल परवडते, पण तुमचा हिशोब जवळजवळ चार हजारांनी कमी पडतो. कॅल्गरी ते डॉसन क्रीक सुमारे 880 किमी, तिथून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स 1,420 आणि पुढे डॉसन सिटी 530. (नावं सारखी असली तरी ही दोन वेगळी गावं आहेत, बुकिंग करताना जपा.) जाऊन-येऊन आणि थोडं इकडेतिकडे धरून 6,200 किमी. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये रोजचे 100 किमीच मोफत आहेत, पुढे किमीला 45 सेंट. म्हणजे 4,400 किमीचे 1,980. भाडं 4,680, दोन्हींवर 5 टक्के जीएसटी 333. मोटरहोम 100 किमीला 25 लिटर सहज पितं. 1,550 लिटर, लिटरला 1.90 धरला तर 2,945. एकूण 9,940, आणि यात कॅम्पसाइट, जेवणखाण नाही.

शिवाय 18 दिवसांत 13 कामाचे दिवस जातात, पाच दिवस बिनपगारी. हातात येणारा पगार दिवसाला 260 धरला तरी आणखी 1,300.

त्यापेक्षा विमानाने व्हाइटहॉर्स गाठा आणि तिथून नऊ दिवस गाडी घ्या. माझा अंदाज: चार तिकिटं 2,200, गाडी 1,350, पेट्रोल 330, आठ रात्री दोन खोल्या 3,040. एकूण 6,920, तेही रजेत बसतं. अलास्का हायवेवरचे लियर्डचे गरम झरे आणि मंचो लेक हुकतील, हे खरं. तो रस्ताच हवा असेल तर पुढच्या वर्षी दोघंच स्वतःच्या गाडीने, तंबू घेऊन जा. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडला सरपणासह रात्रीचे साधारण 20 डॉलर पडतात. आई-बाबांना रोज सात-आठ तास गाडीत बसवण्यात मला अर्थ दिसत नाही.

गाडी घेताना करारातलं खडीच्या रस्त्याचं कलम वाचा. क्लोंडाइक हायवे बहुतेक डांबरी आहे, पण डॉसनजवळच्या टूमस्टोन पार्ककडे जाणारा डेम्प्स्टर हायवे खडीचा आहे. तिथल्या धारदार दगडांनी टायर कापले जातात, समोरून येणाऱ्या ट्रकमुळे काच तडकते. बरेच करार डेम्प्स्टरला मनाई करतात. मनाई मोडून नुकसान झालं तर क्रेडिट कार्डाचा विमाही हात वर करतो. परवानगी असलेली गाडी महाग पडली तरी तीच घ्या. पूर्ण आकाराची स्टेपनी मागा आणि डेम्प्स्टर जिथे सुरू होतो त्या क्लोंडाइक कॉर्नरलाच टाकी भरा. त्यापुढचा पंप ईगल प्लेन्सला, 369 किमीवर आहे. तुम्हाला 71 किमीवरच्या टूमस्टोनच्या माहिती केंद्रापर्यंतच जायचंय.

पैसे कुठून? एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. 7 टक्के दर धरला तर नऊ महिन्यांचे जवळपास 26,000 रुपये बुडतील. ती मुदतीपर्यंत राहू द्या. टीएफएसएमधून 7,000 काढा. काढलेल्या रकमेइतकी पैसे भरण्याची मर्यादा 1 जानेवारीला परत मिळते. मात्र तुमची मर्यादा आधीच पूर्ण वापरलेली असेल आणि तुम्ही डिसेंबरात पैसे परत भरलेत, तर जादा रकमेवर महिन्याला 1 टक्का दंड बसतो. जेवणखाणाचे पैसे पगारातून भागवा. आणि एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी कॅनडाच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

विम्यावर मात्र काटकसर नको. सुपर व्हिसासाठी 1 लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतोच, पण आई-बाबांच्या आधीच्या आजारांच्या अटी आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते पाहा. डॉसनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्ण हलवावा लागतो. तुमच्या अल्बर्टाच्या आरोग्ययोजनेत बाहेरच्या प्रांतातली हवाई रुग्णवाहिका येत नाही, म्हणून तुम्हा दोघांनाही प्रवास विमा हवा. स्कॅग्वेची रेल्वे यादीत असेल तर लक्षात घ्या, ते गाव अमेरिकेत आहे. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा नसेल तर ते सोडा.

ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी डॉसनमध्ये 1896 च्या सोनेशोधाचा सण असतो, त्या आठवड्यात खोल्या मिळणं मुश्कील. त्यानंतर जा, टूमस्टोन लालपिवळा झालेला असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून बरंचसं गाव बंद होऊ लागतं. बोनांझा क्रीकवरचा ड्रेज नंबर 4 (सोन्यासाठी ओढ्याचा गाळ उपसणारं जुनं अवाढव्य यंत्र) पैसे देऊन पाहण्यासारखा आहे. सोनं चाळायला मात्र पैसे मोजू नका, क्लेम नंबर 6 वर (क्लेम म्हणजे सोनं शोधायचा पट्टा) ते फुकट आहे, घमेलं स्वतःचं न्या. आणि बाबा दुकानातला सोन्याचा खडा घेऊ म्हणाले तर हौस म्हणून घेऊ द्या, गुंतवणूक म्हणून नको. या भागातल्या सोन्यात चांदी बरीच असते, शुद्धता साधारण 80 टक्के. दुकानदार खड्याला धातूच्या भावापेक्षा जास्त लावतो, साताऱ्याचा सराफ मात्र वितळवून निघेल तेवढंच देईल.