लाल समुद्रात तणाव असताना छोट्या निर्यातदाराने सीआयएफ दर द्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: "येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, म्हणजे माल दोन आठवडे उशिरा पोचतो, एवढंच ना? मी पहिल्यांदाच युरोपला माल पाठवतोय, पार्टी सीआयएफ दर मागतेय. देऊ का?"

देऊ नका. सीआयएफ म्हणजे मालाच्या किमतीतच पार्टीच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून दिलेला दर. आणि "एवढंच ना" असं म्हणू नका. हेच शब्द मी आमच्या घरात ऐकलेत आणि त्यांची किंमत मोजली आहे.

बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचा फ्लँजचा, म्हणजे पाइप जोडायच्या लोखंडी चकत्यांचा, कारखाना आहे. सासऱ्यांनी दोन लेथवर सुरू केला, आता माझे यजमान आणि धाकटे दीर बघतात. निर्यातीचे कागद वीस वर्षं मी करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेत बिल लावणं, सगळं. दर ठरवायचं काम मात्र भावोजींचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या एका पार्टीची ऑर्डर आली. कार्बन स्टीलचे फ्लँज, तीन कंटेनर, डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत एकेक. प्रत्येकात साधारण ४५ हजार डॉलरचा माल. भावोजींनी जेनोवापर्यंत सीआयएफ दर दिला. वीस फुटी कंटेनरचं भाडं तेव्हा ७०० डॉलर होतं, तेच तिन्ही महिन्यांना धरलं. पैसे कधी, तर माल पोचल्यावर ३० दिवसांनी.

मी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर म्हटलं, की गाझात युद्ध सुरू झालंय, तीन महिन्यांचं भाडं आज बांधून घेऊ नका. एफओबी द्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच दर, पुढचं भाडं पार्टीचं; नाहीतर भाडं वेगळं लिहा. आणि पैशाचे दिवस बीएलच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून मोजा. भावोजी म्हणाले, "वहिनी, लढाई गाझात आहे, आपला माल इटलीला जातोय. समुद्र कुठे आणि मकरपुरा कुठे?" यजमान "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे भावोजी म्हणतील ते.

१९ नोव्हेंबरला त्याच गाझाच्या युद्धावरून हुथींनी लाल समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र त्यांच्यासमोर ठेवलं. पहिला कंटेनर अजून भरलाही नव्हता. म्हटलं, पार्टीला मेल टाका, निदान पुढच्या दोन कंटेनरचं भाडं मोकळं करून घ्या. ते म्हणाले, "शब्द दिलाय." शब्द पाळायला माझी कधीच ना नव्हती. पण जहाजाचं भाडं आपल्या हातात नाही, त्याचा शब्द आपण दिलाच कसा, हे मी तेव्हाही विचारलं आणि आजही विचारते.

१२ डिसेंबरला पहिला कंटेनर आमच्याच शेडसमोर भरला. प्रत्येक फ्लँज गंजरोधक कागदात गुंडाळलेला, लाकडी पेट्यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. दार बंद करून कामावरच्या मुलाने सील दाबलं, खट्‌ आवाज झाला, आणि तो म्हणाला, "बेन, नंबर लखी लो." मी तो नंबर आजही आधी हाताने वहीत लिहिते, मग कॉम्प्युटरवर चढवते. गाडी दशरथच्या आयसीडीत (बडोद्याजवळच्या कंटेनर डेपोत) गेली, तिथून रेल्वेने न्हावा शेवा. १८ तारखेला कंटेनर जहाजावर चढला.

त्याच सुमाराला मोठ्या शिपिंग कंपन्यांनी लाल समुद्रातून जाणं थांबवल्याच्या बातम्या यायला लागल्या. मी जहाजाचा ठिपका रोज मोबाइलवर बघत होते. २१ तारखेपर्यंत तो ओमानच्या सलालाकडे सरकत होता. मग जवळजवळ एक दिवस जागच्या जागी. सकाळी दूध तापवताना पाहिलं तर टोक दक्षिणेला वळलेलं. मी गॅस बंद केला आणि यजमानांना हाक मारली.

२३ डिसेंबरला 'केम प्लूटो' नावाच्या टँकरवर ड्रोन आदळलं, तेही लाल समुद्रात नाही, आपल्या गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर. "समुद्र कुठे" याचं उत्तर एवढ्या जवळून मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आता तुमच्या "दोन आठवडे" या आकड्याबद्दल. मुंबईहून हॅम्बुर्ग किंवा रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाचे साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात. पण माल भूमध्य समुद्रातल्या बंदराला जाणार असेल तर हिशेब वेगळा. जेनोवा सुएझमधून जवळ. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप ऑफ गुड होपवरून जायचं तर जहाज पूर्ण आफ्रिका उतरून, पुन्हा चढून, जिब्राल्टरमधून आत शिरतं. अंतर दुपटीहून जास्त होतं. शिवाय बरेचदा मोठं जहाज इटलीपर्यंत जात नाही, स्पेनच्या बंदरात माल उतरवून लहान जहाजावर चढवतात. वळसा घेऊन सगळी जहाजं तिथे एकदम येत होती, त्यामुळे आमचा कंटेनर तिथे बारा दिवस पडून राहिला. एरवी बावीस दिवसांत पोचणारा माल पन्नास दिवसांनी पोचला. म्हणून पहिली गोष्ट, तुमचं बंदर कुठलं ते बघा. प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलंच नाही.

जहाज का वळतं, हेही नीट समजून घ्या. क्षेपणास्त्राची भीती असतेच, पण निर्णयात विमा फार मोठा असतो. जहाजाच्या युद्ध-विम्याचा हप्ता जहाजाच्या किमतीवर, दर फेरीला आकारतात. लाल समुद्रासाठी तो आधी ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी होता, २०२४ च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरचं जहाज असेल तर एका फेरीला सात ते दहा लाख डॉलर फक्त हप्ता. त्यापुढे आफ्रिकेच्या वळशाचं तेल परवडतं, शिवाय कालव्याची फीही वाचते.

मग बाकीचं ओळीने येतं. फेऱ्या आठवड्याच्या असतात, फेरी लांबली की तीच सेवा चालवायला जास्त जहाजं लागतात. रिकामे कंटेनर परत यायला उशीर होतो. जगातल्या कंटेनर वाहतुकीपैकी जवळपास ३० टक्के सुएझमधून जात होती, त्यामुळे हे एका रस्त्यापुरतं राहत नाही. जानेवारीत दशरथला रिकामा कंटेनर मिळायला आम्हाला नऊ दिवस लागले, आणि भाडं ७०० वरून ३,१०० डॉलर झालं होतं. एका कंटेनरवर आमचा नफा २,७०० डॉलरच्या आसपास होता. जादा भाडंच २,४००. फेब्रुवारीतही तीच गत. म्हणजे दोन कंटेनर आम्ही जवळजवळ फुकट बनवले, फर्नेसची वीज जाळून, कामगारांना ओव्हरटाइम देऊन.

पैसे अडकले ते वेगळंच. "माल पोचल्यावर ३० दिवस" लिहिल्यामुळे प्रवासाचे वाढलेले दिवस आमच्या डोक्यावर. पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे माल बनवायला बँकेने दिलेल्या कर्जाचं, व्याज चालू, बँकेतून रोज फोन. मार्चच्या पगारासाठी मी माझी एफडी मोडली. हे मी भावोजींना बोलून दाखवलं नाही, इथे लिहितेय.

आणि गंज. पन्नास दिवस, दोनदा विषुववृत्त ओलांडून, बंद लोखंडी डब्यात. पार्टीने फोटो पाठवले. फ्लँजच्या घासलेल्या तोंडावर तिखटाची चिमूट सांडावी तसे लाल ठिपके. ११०० डॉलर कापून घेणारी डेबिट नोट आली. विमा कंपनीकडे गेलो तर त्यांनी क्लॉजवर बोट ठेवलं: उशिरामुळे झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही, उशीर कशामुळेही होवो. हे "ऑल रिस्क" म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसीतही असतं. युद्धाचा क्लॉज वेगळा घ्यावा लागतो, तो स्वस्त असतो, जरूर घ्या. पण त्यात मालाला प्रत्यक्ष इजा झाली तरच पैसे मिळतात. जहाजाने रस्ता बदलला, भाडं वाढलं, महिना गेला, यातलं काहीही त्यात येत नाही.

भावोजींचं म्हणणं आजही तेच, की असं होईल हे कोणाला माहीत होतं, आणि असं कायम राहत नाही. मला हे पटत नाही. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा १९७५ पर्यंत बंद होता, आठ वर्षं! २०२१ च्या मार्चमध्ये एकच 'एव्हर गिव्हन' जहाज कालव्यात अडकलं तर सहा दिवस सगळं ठप्प झालं. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ 'एमएससी एरीज' हे जहाज पकडलं, त्यावर १७ भारतीय होते. धंदा समुद्रावरून करायचा तर हे धरूनच दर काढायचा असतो.

आणि ज्यांना हे फक्त भाड्याचं गणित वाटतं त्यांच्यासाठी: २६ जानेवारी २०२४ ला 'मार्लिन लुआंडा' टँकर पेटला तेव्हा त्यावर २२ भारतीय खलाशी होते. 'आयएनएस विशाखापट्टणम'च्या जवानांनी जाऊन आग विझवायला मदत केली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर तिघांचा जीव गेला. कोणाची तरी मुलं आपला माल घेऊन त्या पाण्यात उभी असतात.

तर तुम्ही काय करा. एफओबी द्या. कंटेनरचा माल असेल तर खरं म्हणजे एफसीए जास्त बरोबर, कारण तुमची जबाबदारी माल कंटेनर डेपोत सोपवला की संपते, जहाजावर चढेपर्यंत थांबावं लागत नाही. पार्टी सीआयएफवरच अडली तर मालाचा दर आणि भाडं दोन वेगळ्या ओळींत लिहा, भाड्यापुढे "बुकिंगच्या दिवशीच्या दराने, सर्व सरचार्जसह" असं लिहा. पैशाचे दिवस बीएलच्या तारखेपासून. लोखंडाचा माल असेल तर पॅकिंग साठ दिवसांच्या हिशेबाने करा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. एफओबी दिलं म्हणून रिकामा कंटेनर लवकर मिळत नाही, आणि भाडं भरायचं म्हटल्यावर पार्टी दर पाडून मागतेच. नवीन माणसाच्या हातून ऑर्डर जाऊही शकते. भावोजींनी त्या भीतीनेच सीआयएफ दिलं होतं, हे मला कळतं. भाडं कायम ३,१०० ला राहतं असंही नाही, ते उतरतं. पण वर्षाला तीस कंटेनर पाठवणारा एखादा असा झटका सोसतो. तीनच पाठवणाऱ्याचे दोन गेले की वर्ष गेलं.

मागच्या महिन्यात त्याच इटलीच्या पार्टीची पुन्हा चौकशी आली. कोटेशन मी टाइप केलं, भाड्याची ओळ वेगळी घातली. भावोजींनी वाचलं, पेन हातात घेतलं, ती ओळ खोडली नाही. नुसतं म्हणाले, "पाठवा."