वडिलांवर कविता लिहायला बसलो की ‘त्याग’ आणि ‘कष्ट’ यांपुढे गाडी सरकत नाही. काय करू?

ते दोन शब्द कवितेत येऊच देऊ नका. आणि रॉबर्ट हेडन या अमेरिकन कवीची ‘दोज विंटर संडेज’ वाचा. १९६२च्या संग्रहातली, जेमतेम १४ ओळींची.

गोष्ट एवढीशीच. कडाक्याच्या थंडीत वडील पहाटे उठतात. आठवडाभराच्या मजुरीने हात भेगाळलेत, ठणकतायत. त्याच हातांनी जाळ पेटवतात. घर उबदार झालं की मुलाला हाक मारतात. त्याचे ठेवणीतले बूटसुद्धा पॉलिश करून ठेवलेले. मुलगा सावकाश उठतो, तुटक बोलतो. त्याला त्या घरातल्या नेहमीच्या संतापाची धास्ती असते.

मी अडकलो तो पहिल्याच ओळीतल्या ‘टू’वर. म्हणजे आपला ‘सुद्धा’. रविवारीसुद्धा वडील लवकर उठायचे. बाकीच्या सहा दिवसांचं लवकर उठणं कवीने वेगळं सांगितलंच नाही, त्या एका शब्दात ते येऊन बसलं. ‘प्रेम’ हा शब्द येतो थेट शेवटच्या ओळीत, तोही प्रश्नात. (तिथला ‘ऑफिसेस’ म्हणजे कचेऱ्या नव्हेत बरं का! नेमाने करायची कामं. ठरल्या वेळच्या प्रार्थनांनाही तोच शब्द आहे.) आणि घरातला संताप कवीने पुसून टाकलेला नाही. श्रद्धांजलीछाप कवितेत बाप लगेच देव होतो, इथे तो माणूसच राहतो.

माझे बाबाही तापट. त्यांच्यावर मी आधी एक कविता केली होती, ‘वटवृक्ष’ वगैरे घालून. फाडली. मग सायकल आठवली. शाळेत असताना माझ्या सायकलची हवा कधी कमी झाली नाही. मला वाटायचं, टायरच चांगले आहेत. एकदा बाबा महिनाभर बाहेरगावी गेले आणि दहाएक दिवसांत मागचं चाक पार बसलं. जिन्याखाली पंप सापडला. मुठीवरचा रंग घासून घासून उडालेला, फक्त बोटांच्या जागी. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ते परत आले तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, “टायर बाद झालाय, नवा हवा.” त्यांनी नवा आणला.

माझी नवी कविता सध्या त्या वाक्यापाशी अडली आहे.